एक वाटी मीठ म्हणजे किती ग्रॅम?

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय. व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी. आज निवृत्त होत असलेल्या आपल्या सर्वांच्या मावशी. आणि चुलीवरचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून इथे आलेल्या स्वयंपाकघरातल्या बंधुभगिनींनो,

मावशींच्या हाताला चव आहे, हे आधीच्या चार वक्त्यांनी सांगितलं. मी आहारतज्ज्ञ. चवीवर बोलण्याचा मला अधिकार नाही, असं खुद्द मावशीच म्हणतात. म्हणून मी मापावर बोलतो.

नऊ वर्षांपूर्वी मी रुजू झालो, तेव्हा साठ हृदयरुग्णांच्या सूपमध्ये मीठ पडे ते वाटीने. मी भडकलो. अंदाजपंचे माणसं जगवायची? वजन खोटं बोलत नाही, असं माझं ठाम मत होतं. आजही आहे. मी ती वाटी माझ्या टेबलावर मागवली, अधिकाऱ्यांच्या जेवणघरातल्या बरणीतलं मीठ तीत भरलं आणि तोललं. एकशेवीस ग्रॅम. तक्ता केला: यापुढे वाटीऐवजी काट्यावर तोलून एकशेवीस ग्रॅम. सही ठोकली, भिंतीवर चिकटवला.

मावशी म्हणाल्या, "साहेब, तुमचं मीठ बारीक. आमच्या पोत्यात खडे मीठ. खड्यांच्या मधे पोकळी राहते. वाटी भरलेली दिसते, पण भरते कुठे?"

"मावशी, ग्रॅम म्हणजे ग्रॅम."

"बरं बाबा. ओंजळभर कापूस नि ओंजळभर वाळू तोलून बघा एकदा. काटासुद्धा हसेल."

मी तोललं नाही. विद्वान माणूस कापूस कशाला तोलेल?

सूपमध्ये दीडपट मीठ पडू लागलं. आठवड्याभरात रुग्णांच्या पायांवर सूज दिसली. सुदैवाने सगळे सावरले. चौकशी झाली, मीठ कमी करण्याचा आदेश निघाला आणि मावशींच्या सेवापुस्तकात शेरा आला: मापात हलगर्जी. त्या शेऱ्यापायी मुख्य आचारीपद दोनदा त्यांच्या हातून गेलं. आज त्या साहाय्यक म्हणूनच निवृत्त होत आहेत.

गेल्या आठवड्यात नव्या आचाऱ्यांसाठी तक्ता करताना मी पहिल्यांदा पोत्यातलं मीठ त्या वाटीत भरून तोललं. ऐंशी ग्रॅम. तसाच मावशींकडे गेलो.

"आत्ता कळलं होय?" त्यांनी भांडं घासणं थांबवलं नाही. "मी त्याच दिवशी तोललं होतं."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"मीठ कुणी घातलं, एवढंच विचारलं. मी घातलं होतं. आकडा कुणी दिला, हे कुणी विचारलं का? तुम्हीही तिथेच बसला होतात की."

होतो. गप्प बसलो होतो. चूक कळायला नऊ वर्षं लागली. पण शंका, मित्रहो, चौकशीच्या दिवशीच आली होती. ती मी तपासली नाही, कारण तपासली असती तर बोलावं लागलं असतं.

अध्यक्ष महोदय, हे माझं लेखी निवेदन. चूक माझी, तक्ता माझा. हा शेरा रद्द करण्याचा अधिकार आपला आहे आणि मावशींचं सेवापुस्तक आज पाच वाजता बंद होतं. आता साडेचार झालेत. शाल त्यांना नंतरही देता येईल.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. बाकीच्याबद्दल मावशी, मी तुमची माफी मागतो. ती द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा.