अण्णाप्पाची पेटी

मंडळी, डोळे मिटू नका, मन उघडा — आज कीर्तनाला एक अवघड सवाल घेऊन उभा आहे. आपण एखाद्याला मदत केली, मनापासून केली, आणि त्यानं ती परत केली! "नको," म्हणाला. आता सांगा, चूक कुणाची? देणाऱ्याची, की नको म्हणणाऱ्याची?

लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका.

जयसिंगपुरात पिराजी लोहार म्हणून एक पत्राकाम करणारा होता. धान्याच्या कोठ्या, गाड्यांच्या पेट्या, हव्या त्या मापाच्या करून द्यायचा. हात चांगला, मन चांगलं. फक्त एक खोड — चांगलं केलं की चार माणसांनी बघितलं पाहिजे! हसताय? हसा, हसा. देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालणारे आपण!

आणि त्याच गावात अण्णाप्पा मगदूम. डिझेल इंजिनचा फिटर. इंजिन सुरू करायचं, अण्णाप्पानं शेजारी उभं राहून नुसतं ऐकायचं — दुखणं सापडलंच म्हणून समजा. पण एके दिवशी ट्रॅक्टर चालू करताना बॅटरी फुटली. तेजाब डोळ्यांत गेलं. दवाखाने झाले, सगळं झालं. दृष्टी गेली ती गेलीच.

तेव्हापासून अण्णाप्पा भिंतीला पाठ लावून बसायचा. बोलणं नाही. हत्यारं पोत्यात, पोतं कोपऱ्यात.

एक दिवस त्याची बायको, पद्मावती, पिराजीच्या दुकानात आली. म्हणाली, "दादा, काल ह्यांनी आपण होऊन पोत्यात हात घातला. पाना शोधत होते. सापडंना. सगळं पोतं भिंतीवर फेकलं, आणि... दादा, मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं."

"वहिनी, मी काय करू, सांगा."

"हत्यारांना एक पेटी करून द्या. हलकी करा. एका हातात काठी असणार त्यांच्या."

पिराजीचं काळीज हललं. लोखंड जड, म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. पेटी केली — काय पेटी! आरशासारखी लखलखीत! आत कप्पे, कप्प्यांवर कप्पे, झाकणावर ठोकून अण्णाप्पाचं नाव. गल्लीतली माणसं गोळा केली, हार आणला, आणि वाजतगाजत पेटी अण्णाप्पाच्या मांडीवर ठेवली.

अण्णाप्पानं हात फिरवला. लखलखाट त्याला काय दिसणार? नाव काय दिसणार? बोट कप्प्याच्या कडेवरून गेलं — आणि कापलं! रक्त आलं. तरी तो आत चाचपडत राहिला. सगळे कप्पे एकसारखे! कुठला कशाचा, कळायचं कसं? माणसं उभी. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातावर. आंधळ्यालाही नजरा टोचतात, मंडळी!

शेवटी म्हणाला, "पिराजी, पेटी चांगलीच असंल. पण ही माझी न्हवं. घेऊन जा."

पिराजी पेटी घेऊन परत फिरला. अपमान! "एवढं केलं, आणि हे फळ?" दुकानात कुणाशी धड बोलेना.

दुसऱ्या दिवशी पद्मावती दारात उभी. पिराजीनं मान वर केली नाही. ती म्हणाली, "दादा, रागावला असाल. पण एक सांगायला आले. काल रात्री जेवताना हे म्हणाले, 'पान्याची जागा डाव्या हाताला पायजे होती.' डोळे गेल्यापासनं कामाचा पहिला शब्द होता हो तो!"

पिराजीच्या हातातली हातोडी थांबली. त्याच्या ध्यानात आलं — आपण सगळं दिलं, पण त्याला विचारलं काय? काहीच नाही!

तसाच उठला. अण्णाप्पासमोर जमिनीवर बसला. "अण्णाप्पा, चुकलं माझं. तू सांग, कशी पायजे. मी फक्त हात चालवतो."

अण्णाप्पानं कोपऱ्याकडं हात केला. मग म्हणाला, "पोतं आण."

चटईवर एकेक हत्यार मांडलं त्यानं. हात जिथं आपसूक जाईल, तिथं ते हत्यार. पिराजीनं त्याबरहुकूम मापाचा पुठ्ठा कापला. अण्णाप्पानं बोटं फिरवली — "अरुंद आहे." पुन्हा कापला. "आता बरोबर." प्रत्येक हत्याराचं घर वेगळ्या आकाराचं, बोट लागताच कळावं. सगळ्या कडा आत दुमडलेल्या, पत्रा जोडणारे रिव्हेट सपाट. पिराजी पत्रा वाकवून आणायचा आणि अण्णाप्पा तपासायचा. एकदा म्हणाला, "इथं तडकलाय." पिराजीनं उजेडात धरून बघितलं — काही नाही! डोळ्याजवळ नेलं, तर कोपऱ्यात केसाएवढी चीर. मुकाट्यानं नवा पत्रा घेतला.

झाकण राहिलं, तेव्हा अण्णाप्पा म्हणाला, "मला दुकानात ने." वाकवायच्या मशीनचा दांडा धरला, आणि हळूहळू ओढला. पत्रा नमला. नमताना हाताला जे कळतं, ते त्याला कळलं. पद्मावती दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

पेटी झाली. हार नाही, माणसं नाहीत.

थोड्या दिवसांनी एका गुऱ्हाळाचं इंजिन बंद पडलं. ऊस तोडून पडलेला. मालक फिटर शोधत होता, तेवढ्यात पिराजीबरोबर अण्णाप्पा येऊन उभा राहिला — एका हातात काठी, एका हातात पेटी. "मी बघतो," म्हणाला. मालक पिराजीकडं बघायला लागला. पिराजी म्हणाला, "त्याला विचारा, मला न्हवं."

अण्णाप्पा इंजिनापाशी बसला. चाचपलं, खोललं, जोडलं. चालू केलं — चार ठोके पडले आणि बंद! माणसं कुजबुजली. त्याच्या कपाळावर घाम. पिराजीला राहवेना. पुढं झाला, पेटीतून पाना उचलला, "हं, घे," म्हणाला.

अण्णाप्पानं हात पुढं केला नाही. शांतपणे म्हणाला, "जागेवर ठेव, पिराजी. मी घेतो."

पिराजीनं पाना पेटीत, पान्याच्या घरात ठेवला. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि उभा राहिला. किती कठीण, मंडळी! समोरचा धडपडतोय, आपल्याला येतंय, आणि तरी हात मागं बांधून उभं राहायचं!

अण्णाप्पानं पेटीत हात घातला. पाना घेतला. पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. आणि इंजिननं सूर धरला! ठोक्याला ठोका लागला, चरक फिरायला लागला, रस वाहायला लागला. सगळे ओरडले. अण्णाप्पा मात्र मान कलती करून नुसता ऐकत बसला होता. चेहऱ्यावर काय होतं, ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत.

आता बोला, चूक कुणाची होती?

अहो, आपण दान देतो ते आपल्या मापाचं! समोरच्याचं माप घ्यायला त्याच्यापुढं जमिनीवर बसावं लागतं, आणि तिथंच आपले गुडघे दुखतात! तुमच्याही घरात कुणीतरी भिंतीला पाठ लावून बसलं असेल. म्हातारी आई असेल, आजारातून उठलेला भाऊ असेल. त्यांचा ताट-तांब्या तुम्ही वेळेवर देता. देताच! पण "तुला काय करावंसं वाटतं?" हे शेवटचं कधी विचारलं होतं?

माझ्या पाया पडायला रांग लावू नका आज. देव इथं बसलाय, तो कुठं जात नाही. आधी घरी जा. त्या माणसासमोर बसा. विचारा — आणि मग गप्प राहून ऐका.