नट मोकळ्या तारेपुरता

— नाही, नवा नट बसवायला माझं काय जातंय? पितळी म्हणाल तर पितळी, हाडाचा म्हणाल तर हाडाचा. पण आधी ऐका. बेस गिटारचा नट म्हणजे काय, तर ही एवढीशी पट्टी — गळ्याच्या टोकाला, तारा हिच्या खाचांतून जातात. बोट न लावता तार छेडलीत तर हिचं राज्य. बोट टेकवलंत की संपलं — रिटायर झालेल्या सासऱ्यासारखी, मान आहे, काम नाही. मग पितळेनं काय होतं? मोकळी तार खणखणते, दाबलेली होती तशीच. एका गाण्यात दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. हाड त्यातल्या त्यात बरं. प्लॅस्टिकही वाईट नाही, खाच नीट कापली असेल तर — हसू नका, हे सगळं मी बसवून पाहिलंय. स्वतःच्याच गिटारवर.

आमचा बँड होता ना. बायको गायची, मी तिच्या मागे बेस घेऊन उभा. एकदा सहज म्हणाली, "तुझं वाजवणं ऐकूच येत नाही रे." सहज हं! आता बायकोचं सहज म्हणजे काय — लग्न झालंय तुमचं? नाही? मग राहू द्या. मी हाडाचा नट बसवला. मग पितळी. मग तारांचा आवाज पकडणारे पिकअप बदलले, तारा बदलल्या, बटणंसुद्धा बदलली — बटणांनी काय होतं? काही होत नाही. मूळचा म्हणाल तर खांद्यावरचा पट्टा तेवढा उरला. दर वेळी विचारायचो, "आता?" ती म्हणायची, "छान." छान! अळणी भाजीलाही ती छानच म्हणायची.

मग एका कार्यक्रमात माझ्या गिटारची वायर निसटली, आवाज बंद. मला पत्ता नाही — ड्रमवाला बडवतोय, मी डोळे मिटून रंगलोय. डोळे उघडतो तर ही वळलेली. भर गाण्यात, लोकांकडे पाठ करून माझ्याकडे बघतेय, सूर हललेला. वायर खोचली, तेव्हा कुठे पुढे वळली. परतताना गाडीत म्हणाली, "पायाखालची जमीनच सरकली रे माझ्या." यावर शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी विचारलं, "म्हणजे टोन बरा आहे ना?" ती म्हणाली, "टोनचं मला काय कळतंय? तू मागे असलास की गाता येतं."

पुढे एका मोठ्या बँडनं बोलावलं. दोघांनाही. ही बॅग भरून तयार. म्हटलं, तू हो पुढे, नवा ब्रिज मागवलाय — खालच्या बाजूला तारा अडकतात तो, जड पितळेचा — तो बसला की आलोच. पार्सल उशिरा आलं, आता यात माझी काय चूक? सांगा ना! आधी रोज फोन करायची, "कधी येतोस?" मग आठवड्यानं. मग म्हणाली, त्यांनी दुसरा बेसवाला घेतलाय, बरा वाजवतो. बरा! — काय? आला ना ब्रिज, आला तर. बसवला. काय आवाज लागला म्हणून सांगू! इथेच बसून वाजवला, या स्टुलावर. भिंत थरथरली. शेजारीण येऊन म्हणाली, खिडकी लावून घ्या.

असो. कुठे होतो आपण? — हां, तुमचा टोन. तो बसका आहे असं म्हणालं कोण? ड्रमवाला? गाणारी? — कोणीच नाही? तुमचं तुम्हालाच वाटतं?

मग उचला ही गिटार. नाही, नाही बसवणार मी. तारा पुसत जा, बास झालं. आज तालीम आहे म्हणालात ना — मग इथे काय करताय? जा. आणि दार ओढून घ्या.