पदराची गाठ

धरणगावच्या गिरणीत कोसळलेली बायको, प्रमिला, गेली, हे गिरणीतल्या फिटर अमृतला जळगावच्या दवाखान्यात कळलं. नर्सने तिची साडी दिली. पदराला दोन गाठी होत्या.

पुढच्या आठवड्यात धरणगावच्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोन फिटर बोलत होते.

“नाना, बटन बंद करीसनच पंपमा हात घालस मी!”

“बटन कोनी बी दाबी दी. फ्यूज काढीसन खिशात ठेवाना, येड्या.”

“खिसा फाटेल शे. तुमना फ्यूज कोन सांभाळस?”

“तुनी काकू. पदरले गाठ मारस. मी वर येत नही तवलग सोडत नही.”

“अन भांडण व्हयनं तर?”

“तवय दोन गाठी मारस!”

दोघं हसले. अमृत गिरणीपाशी उतरला.

त्या दिवशी त्याने खोललेला दोन नंबरचा पंप तसाच पडून होता. फ्यूज प्रमिलाच्या पदरात होता. गाठी अजून सोडायच्या होत्या.