झाकणावरची पांढरी पट्टी

मिग्दालिया : ही पट्टी माद्रिदची नाही, रेनेरिओ.

रेनेरिओ : पट्टीत काय माद्रिद आणि काय हवाना. किती मिनिटं राहिली?

मिग्दालिया : अठरा. बंद बाटली अर्धा तास बाहेर ठेवायची म्हणजे ठेवायची. गार असताना उघडली की आपल्या हवेतलं पाणी आत शिरलंच. विद्यार्थी होतास तेव्हा मीच शिकवलंय तुला. आणि विषय बदलू नकोस. तुझ्या मित्राने पाठवलेला फोटो बघ. निळी पट्टी, ताणून बसवलेली. ही पांढरी आहे, जखमेवर लावतात ती.

रेनेरिओ : त्यांच्याकडची निळी संपली असेल.

मिग्दालिया : माद्रिदमध्ये पट्टी संपली. बरं. मग हवानात कोंबडीसाठी रांग लागत नाही म्हण.

रेनेरिओ : मिग्दालिया, सात महिने झाले. कंपनी म्हणते तुमच्या देशात माल पाठवत नाही, बँक म्हणते पैसे जाणार नाहीत. शेवटी माद्रिदहून माझ्या त्या मित्राने, एस्तेबानने, स्वतःच्या नावावर हे पेप्टाइडचं चूर्ण घेतलं, तपासणीचा कागद मागवला, विमानतळावर जाऊन माझ्या सासूच्या हातात दिलं. एक मिलिग्रॅम. आणि आज नेमकी हॉस्पिटलमधून ऑपरेशनमध्ये काढलेली त्वचा आली, ती उद्या सकाळपर्यंत जिवंत. परत कधी मिळेल, देव जाणे. मला आज पट्टीचा रंग बघायचा नाही.

मिग्दालिया : तो नेटवरचा स्वस्तवाला आठवतो? ज्याच्या प्रत्येक मालाला एकच कागद होता, फक्त वरचं नाव बदललेलं?

रेनेरिओ : त्याच्याकडून घेतलं नाही ना मी?

मिग्दालिया : नाही घेतलंस, म्हणून तर बोलतेय. तिथे डोळे उघडे ठेवलेस आणि इथे मिटून बसलास. का, तर सासूने आणलंय.

(दारावर टकटक. रेनेरिओची सासू सोराइदा धापा टाकत आत येते.)

सोराइदा : चार मजले. तुमच्या लिफ्टला काय धाड भरलीय?

रेनेरिओ : वीज नाही, आई. जनरेटरवर फक्त फ्रीजर आणि हे दिवे. बसा.

मिग्दालिया : बसा, पण टेबलाला हात नको हं. तुम्ही हातमोजे घातलेले नाहीत.

सोराइदा : नाही लावत बाई. बाटली आणली तो माझा थर्मास न्यायला आलेय, घरी कॉफी ठेवायला दुसरं काही नाही. ही का ती? अजून उघडली नाहीत? दहा तास मांडीवर घेऊन बसले होते मी. ती विमानातली पोरगी म्हणे, आजी, वर ठेवा. म्हटलं, वर तुझी पर्स ठेव. माझ्या नवऱ्याचा, फर्मीनचा पाय असलं काही नव्हतं म्हणून गेला.

रेनेरिओ : आई, हे औषध नाही हो. हे कुणाच्या अंगाला लावायचं नाही. आम्ही फक्त बघणार, ह्याने त्वचेची जखम लवकर मिटते का. तेही काचेच्या ताटलीत.

सोराइदा : माहितीय रे, तीनदा सांगितलंस. पण फर्मीनची जखम दोन वर्षं भरली नाही, ती मी रोज धुतलीय. कुणीतरी बघायला नको का?

मिग्दालिया : घरी कशात ठेवली होती बाटली?

सोराइदा : बर्फाच्या कप्प्यात, काळ्या घेवड्याच्या डब्यामागे. चार दिवस. वीज गेली की खाली रोहेलिओकडे न्यायची, त्याच्याकडे जनरेटर आहे. दोनदा नेली, दोनदा आणली. त्याच्याशी भांडले पण. तिथे मासे ठेवतो मेला.

मिग्दालिया : बंद बाटलीला त्याने काही होत नाही. चांगलं सांभाळलंत. आणि ही पट्टी?

रेनेरिओ : मिग्दालिया.

मिग्दालिया : विचारतेय फक्त.

सोराइदा : ती मी लावली. आधीची परत चिकटेना.

रेनेरिओ : परत म्हणजे?

सोराइदा : अरे, सामान लावताना बघते तर बाटली रिकामी. उजेडात धरली, हलवली, आत काही नाही. म्हटलं, पोराला फसवलं. सात महिने वाट बघून रिकामी बाटली दिली हातात. तुला सांगायच्या आधी खात्री करावी म्हणून उघडली. मिनिटभरच. उलटी करून टिचकी मारली तेव्हा कुठे दिसलं, कापसाच्या तंतूएवढं. तेव्हा जिवात जीव आला. लगेच बंद केली आणि वरून पट्टी लावली. फर्मीनची उरली होती ती. स्वच्छ आहे.

मिग्दालिया : बर्फातून काढल्याबरोबर उघडलीत?

सोराइदा : काढल्याबरोबर. गरम व्हायला नको ना.

रेनेरिओ : आई, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता? थर्मास धुवून आणतो.

सोराइदा : बसते. घाई नाही मला. (बाहेर जाते.)

मिग्दालिया : तिला सांगू नकोस.

रेनेरिओ : आतलं खराब झालंच असेल असं नाही.

मिग्दालिया : नाही. पण झालं नसेल असंही नाही. आणि टिचकीने किती उडालं? अर्धं? पाव? तू ताटलीत किती घातलंस, हे तुलाच ठाऊक नसणार.

रेनेरिओ : वजन करू.

मिग्दालिया : ह्या तराजूवर? पंखा लागला तरी ह्याचा काटा हलतो.

रेनेरिओ : खालच्या मजल्यावरचं प्रकाशाने मोजायचं यंत्र?

मिग्दालिया : त्याचा दिवा जानेवारीत गेला. नव्या दिव्यासाठी तूच अर्ज केलायस.

रेनेरिओ : आपण दोघांनीच ऐकलंय, मिग्दालिया. कुणाला कळणार आहे?

मिग्दालिया : आपल्याला कळलंय. आणि तू सकाळपासून त्या पट्टीकडे बघायचं टाळतोयस. मी तुझ्याकडे बघत होते.

रेनेरिओ : दमलोय हो मी.

मिग्दालिया : मीही दमलेय. सव्वीस वर्षं झाली ह्या टेबलाशी. पण त्या आकड्यांवर विसंबून उद्या कुणी खऱ्या पायाला हे लावलं तर? फर्मीनसारख्याच कुणाच्या तरी?

रेनेरिओ : आणि ही त्वचा? ऑपरेशनच्या आधी कागदावर सही करताना त्या बाईने मला विचारलं होतं, माझं कातडं कामी येईल ना? मी हो म्हणालो.

मिग्दालिया : मग कामी आणू. पातळ काप काढून मेणात बसवू, निरोगी त्वचेचा नमुना म्हणून राहील. तुला हवं होतं ते काम नाही, पण फेकून तर देत नाही. वही दे इकडे. "बाटली आधी उघडली गेली. वापरू नये."

रेनेरिओ : कुणी उघडली ते लिहू नका.

मिग्दालिया : कुणी विचारलंय?

सोराइदा : (बाहेरून) दार उघडंच होतं रे. कान शाबूत आहेत माझे.

रेनेरिओ : आई, आत या.

सोराइदा : म्हणजे मीच वाया घालवलं.

रेनेरिओ : तुम्ही नसतात तर ती इथवर आलीच नसती. चूक माझी आहे. बर्फाचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, विमानतळावर काय बोलायचं तेही सांगितलं. बाटली रिकामी दिसते, एवढंच सांगायचं राहिलं. वीस वर्षं ह्यात काढली, मला ती रिकामी दिसतच नाही हो.

सोराइदा : मला वाटलं, तुला फसवलंय. वाईट वाटलं रे तुझ्यासाठी.

रेनेरिओ : माहितीय.

मिग्दालिया : पाणी घ्या. आणि हा तुमचा थर्मास, धुतलाय.

सोराइदा : राहू दे इथेच. कॉफी पातेल्यात ठेवीन. सप्टेंबरात माद्रिदला धाकट्या मुलीकडे जायचंय मला परत, जाताना घेऊन जाईन. तुझ्या त्या एस्तेबानला सांग, या वेळी पट्टी घट्ट लाव म्हणावं. मला उघडता येणार नाही अशी.