मागचा कागद

(अंबड रस्त्यावरची रायफल क्लबची रेंज. पन्नास मीटरवर लक्ष्याचा कागद, त्याच्या पाठीशी टेबलापासून दोरी ओढून सरकवायची कागदाची पट्टी, त्यामागं मातीचा बांध. टेबलाशी दहावीतल्या दोघी मैत्रिणी, आकांक्षा आणि नेहल. शेजारी आकांक्षाचे सोमेश्वर मामा, क्लबचे कोच.)

नेहल: परत बघ दुर्बिणीतून. मला तर चारच भोकं दिसतात.

आकांक्षा: मलाबी चारच. मामा, गोळ्या पाच मारल्या ना मी?

मामा: पाचच. आधी बोल्ट उघड. उघडला? आता रायफलवरून हात काढ अन् दोघीबी मागं सरा.

नेहल: अरे, पण खूश व्हा ना जरा. एकाच भोकातून दोन गेल्या असतील. कारखान्यातून आलेली कोरी रायफल, ट्रायलचा पहिलाच दिवस, आणि असा नेम. मी पप्पांना सांगते, क्लबला घेऊनच द्या.

आकांक्षा: नेहल, गप. चौथी गोळी मी मारलीच न्हाई.

मामा: म्हंजे?

आकांक्षा: मी वारा कळायला लावलेल्या फिती बघून राह्यले होते. डोळा दुर्बिणीला नव्हता, बोट घोड्यावर नव्हतं. बोल्ट लावला, रायफल वाळूच्या पिशवीवर जराशी पुढं सरकवली, अन् ती आपली आपणच सुटली.

मामा: अन् त्याच्यावर तू पाचवी मारली?

आकांक्षा: वाटलं, माझंच बोट लागलं असंल. तुम्ही कालपासून सांगून राह्यले ना, घोडा लई हलका हाय म्हणून.

मामा: तिथंच थांबायचं होतं. बरं, आता बोलली ते बराबर केलं. बांधावरून गेली असली तरी मागच्या पायवाटेवर कोणी नसंल. लाल झेंडा लावलेला हाय.

नेहल: काका, झेंडा...

मामा: काय झालं झेंड्याला?

नेहल: वाऱ्याच्या फिती मी त्याच्याच कापल्या. लाल रंग लांबून भारी दिसतो ना.

आकांक्षा: मंग तिकडं आता नुसती काठी हाय? नेहल, आई डबा घेऊन येऊन राह्यली. झेंडा दिसला न्हाई की ती त्याच वाटेनं येती.

मामा: फोन लाव तिला.

आकांक्षा: लावला. रिंग जाती. उचलत न्हाई.

मामा: लावत राहा. मी बांधामागं जाऊन येतो. तुम्ही दोघी लक्ष्यापाशी जा अन् मागचा कागद बघा. जल्दी.

नेहल: चल. अशी उभी काय राहिलीस?

आकांक्षा: थांब, आधी सांग. चौथीला तू दोरी ओढली होती का?

नेहल: आठवत नाही यार. तू इतक्यात कशी मारलीस म्हणून मी दचकले. ओढली असेल. प्रत्येक गोळीला ओढायचं ठरलेलं आहे ना.

आकांक्षा: ओढली असंल तरच मागची पट्टी सरकली असंल. पुढं एका भोकातून दोन गेल्या तरी मागं दोन वेगळी दिसतेत. न्हाई ओढली तर काहीच कळणार न्हाई.

नेहल: मला माहिती आहे. परत परत नको सांगू.

आकांक्षा: अजून उचलत न्हाई फोन. तू मोज, मी न्हाई बघत.

नेहल: एक, दोन, तीन... चार.

आकांक्षा: आई गं.

नेहल: थांब, कडेला कागद मुडपलाय. उलगडू दे. पाच. आकांक्षा, पाच आहेत.

आकांक्षा: बोट ठेवून मोज.

नेहल: हे घे, तुझंच बोट दे. एक. दोन. तीन. चार. पाच. सगळ्या कागदातूनच गेल्यात.

आकांक्षा: मामा, पाच हायेत. बांधावरून न्हाई गेली.

मामा: ऐकलं. ताई हाय इथं. बांधाला टेकून पायातला काटा काढून राह्यली. फोन पिशवीत.

आकांक्षा: बांधाला टेकून? कुठं?

मामा: बराबर लक्ष्याच्या मागं. धडधाकट हाय. आलो आम्ही.

नेहल: बस आता खाली. पाणी पी. चेहरा बघ, पांढराफटक पडलाय.

मामा: ताई, तू सावलीत बस जरा. आकांक्षा, ऊठ, इकडं ये. चेंबर रिकामं हाय का बघ. दोनदा बघ. आता बोल्ट लाव, बोट लांब ठेव. मी दस्त्यावर नुसती थाप मारतो.

नेहल: सुटला घोडा. कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

मामा: अन् घोडा जड करायचा स्क्रू कालच पार शेवटापर्यंत फिरवलाय मी. याच्यापेक्षा जड व्हायचा न्हाई तो.

नेहल: पण काका, रायफल मारते किती छान. न मारलेली गोळीसुद्धा बरोबर जागेवर बसली.

आकांक्षा: त्याचीच भीती वाटून राह्यली मला. वाकडी गेली असती तर आपण लगेच परत केली असती.

नेहल: रविवारी स्पर्धा आहे. जुन्या रायफलीनं नंबर नाही यायचा तुझा.

आकांक्षा: न्हाई यायचा.

मामा: नक्की ना? ट्रायल तुझी हाय. तू म्हणशील तेच लिहितो.

आकांक्षा: फेल लिहा, मामा.

नेहल: मग मीपण नवा झेंडा शिवून आणते. दोन आणते.

मामा: ताई विचारून राह्यली, कशी निघाली नवी रायफल म्हणून. सांग तिला.

आकांक्षा: लई चांगली मारती, आई. परत पाठवून राह्यलो. तू आधी पाय दाखव.