दुसऱ्याच्या दंडातलं रक्त

—छे हो, तो आवाज नव्हे. ही तर दवाखान्याची ट्रॉली, चाकाला तेल नाही तिच्या. मी सांगतोय तो आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा, लाकूड कापायच्या गिरणीतला. ओंडका करवतीत सरकत असतो, एकसुरी घरघर चालू असते, आणि मधेच एक बारीकसा टिणकारा येतो — वाटी फरशीवर घासावी तसा. म्हणजे लाकडात खिळा आहे. कुणीतरी कधीकाळी झाडाला ठोकलेला, झाडानं पोटात घेतलेला. मी धावत जाऊन बटण दाबलं, नाहीतर करवतीचा पट्टा तुटून समोरच्या दोघांच्या अंगावर येत होता. बाकी कुणालाच ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसापासून मालक मला ‘कान’ म्हणायला लागला. ए कान, इकडे ये. मी तिथं करवतींना धार लावायचो, एकतीस वर्षं.

आणि बघा, एवढा कान असून स्वतःच्या अंगातलं काही ऐकू आलं नाही. नऊ वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी दीड लाख. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा कॅन्सर आहे, पण सावकाश चालणारा. रोज एक गोळी घ्या, जन्मभर, आणि तीन महिन्यांनी रक्त द्या. म्हटलं, मीही सावकाशच चालणारा, जमेल आमचं. — कितवा नंबर चालू आहे? चौसष्ट? माझा एकाहत्तर. तुमचा सत्तर ना? हो, मघाशी बघितलं तुमच्या चिठ्ठीवर. म्हणून तर तुमच्या शेजारी येऊन बसलो.

नाही, नाही, उठू नका. पैसे मागत नाही मी. एक काम आहे — छोटंसं — कसं सांगू? आधी माझ्या मुलीचं सांगतो. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच घरात. पुलांचे नकाशे काढते ती. मोठ्या पुलाचं काम आलंय लांबच्या शहरात, दोन वर्षांचं, तिच्या हाताखाली सहा जण असणार. तीन वर्षांपूर्वी असंच काम आलं होतं, तेव्हा नको म्हणाली. का, तर म्हणे तिथलं पाणी तिला सोसणार नाही. पाणी! ही पोरगी रस्त्यावरच्या कुठल्याही नळाला तोंड लावते! माझ्यामुळं राहिली, आणि मलाच पाण्याची गोष्ट सांगितली. मी पण विश्वास बसल्यासारखं केलं. या वेळी म्हणाली, बाबा, तुमचा रिपोर्ट बघते आणि मग कळवते. रिपोर्ट आठ दिवसांनी येणार, तिला दहा दिवसांत उत्तर द्यायचंय. आत्ता खाली गेलीये, फाइलीची झेरॉक्स काढायला. गर्दी असेल तिथं. असू दे गर्दी.

तर काम असं, की माझ्या नावाचं रक्त तुम्ही द्यायचं.

हसू नका. ऐका तरी. सत्तर नंबरला तुम्ही आत जायचं, एका दंडातून तुमचं द्यायचं, बाहेर यायचं, माझा मफलर गुंडाळायचा, माझी चिठ्ठी घ्यायची आणि एकाहत्तरला पुन्हा आत. दुसरा दंड पुढे करायचा. वय बहात्तर लिहिलंय, तुम्ही असाल चाळिशीचे, पण ती आतली मुलगी तोंडाकडे बघतच नाही हो. नऊ वर्षं मी येतोय, रस्त्यात भेटली तर ओळखणार नाही, माझी शीर मात्र बरोबर ओळखेल. खोकत जा थोडे, म्हणजे झालं. इतक्या लोकांत मी तुम्हालाच का निवडलं? खांदे बघून. धट्टेकट्टे दिसता. डोळे तेवढे सुजलेत, पण ते जागरणाचं असणार. कंपनीच्या तपासणीसाठी आला असाल.

असं का बघताय? माझं रक्त का चालणार नाही म्हणता? — चालणार नाही. कारण — जाऊ दे — कारण मी गोळी घेत नाहीये. दोन महिने होत आले.

मरायचं नाहीये मला, तसलं काही मनात आणू नका. बोटांचं कारण आहे. त्या गोळीनं पोटऱ्या वळतात, ते मी सोसलं. मळमळतं, तेही सोसलं. पण बोटं वळतात हो. गल्लीतले सुतार अजून करवती आणून देतात मला, मशीनपेक्षा म्हातारा बरा म्हणतात. कानस धरली, चार दात घासले, की मधलं बोट वाकायचं ते सुटायचंच नाही, दुसऱ्या हातानं सोडवावं लागायचं. एके दिवशी एक सुतार बघत उभा होता. पुढची करवत आणलीच नाही त्यानं. मग एकदा गोळी राहिली. खरंच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहू दिली. चार-सहा दिवसांत बोट माझं झालं परत! कानस अशी सरळ चालायला लागली, आवाज कसा एकसारखा — अहो, मला रडू आलं. म्हटलं, एवढी एक करवत होऊ दे. मग आणखी एक. पोरगी रोज रिकामं पाकीट बघते, म्हणून मी गोळी पाकिटातून काढायचो आणि कानशींच्या डब्यात टाकायचो. डबा हलवला की वाजतो आता.

सदुसष्ट झाला का? लिफ्टमधून कोण आलं? ती नाही. बरं.

पुढे काय, असंच विचारताय ना तुम्ही? ठरवलंय मी. ती तिकडे पोचली, कामावर रुजू झाली, की त्याच दिवसापासून गोळी चालू. आधी नाही केली कारण — कारण सुतारांच्या सात करवती पडल्यात घरी. — नाही. खोटं बोललो. भीती वाटली. आता चालू केली आणि ती लागूच पडली नाही तर? न घेता राहिलं तर निदान ते कळत तरी नाही. म्हणून म्हणतो, तुमचं एक बाटलीभर — बाटली कसली, नळीभर रक्त —

हे काय काढताय खिशातून? चष्मा नाही आणला मी. द्या इकडे. — गोळी. तपकिरी. मधोमध रेघ.

माझीच की ही.

तुम्ही पण? म्हणजे ते डोळे — अरे देवा. जागरण नाही ते. माझेही असेच सुजायचे, दोन महिन्यांपूर्वीपर्यंत. एवढ्या गर्दीत माणूस शोधला, तो नेमका माझ्याच पंगतीतला! — किती वर्षं झाली? चार? आणि चुकवली कधी? एकदाही नाही? तुमची बोटं वळत नाहीत का मग? दाखवा बघू हात. ... हं. वळतात की. अंगठासुद्धा. असं करत जा, मुळापासून धरून टोकाकडे ओढायचं, हळूहळू, घाई नाही करायची. बरं वाटतं ना? आणि तरी घेता. घरी लहान मुलं असतील. — आहेत. म्हणजे मी कुणाकडे काय मागत होतो!

मफलर असू द्या माझ्याकडेच. सत्तर म्हणाली ती आतली मुलगी. जा भाऊ, तुमचं तेवढं द्या. माझं मी देतो. आणि हे कुणाला — नाही, सांगायचं तर सांगा.

आलीस पोरी? बस. झेरॉक्स राहू दे. बस गं जरा, माझा नंबर यायच्या आत बोलायचंय. रिपोर्ट चांगला येणार नाहीये. कशावरून म्हणजे? मी गोळ्या घेतल्या नाहीत. दोन महिने. घरी कानशींच्या डब्यात आहेत सगळ्या, मोजून घे. तुझा काही दोष नाही त्यात, पाकिटं मीच रिकामी करत होतो. डॉक्टरांना मी सांगतो आत्ताच, आजपासून घेतो, तुझ्यासमोर घेतो. तू जा मात्र. ऐकतेस ना? पूल बांध तू. मी इथं — अशी बघू नकोस, शिव्या घाल हवं तर.

उठलीस का? फाइल ठेवलीस इथंच. अगं, फोन कशाला काढतेस? पुलाच्या लोकांना नको कळवूस नाही म्हणून इतक्यात, दहा दिवस आहेत अजून, रिपोर्ट तरी — अगं —