पॉलिटेक्निकच्या दप्तराचे गठ्ठे माझ्या घरी कसे आले

मी, पॉलिटेक्निकच्या रेकॉर्ड कारकुनाची सासू, गल्लीत जिला फाटकवाली आजी म्हणून ओळखतात, वय सत्तरीच्या पुढे, जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नाही, शिक्षण दुसरी, धंदा शिवणकाम, राहणार पॉलिटेक्निकच्या मागच्या फाटकासमोर, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे.

मी वरील ठिकाणी मुलगी व जावई यांच्यासह राहते. जावई पॉलिटेक्निकचे जुने दप्तर सांभाळतो. आज सकाळी पोलीस घरी आले. दप्तर चोरून घरी नेले अशी सध्याच्या प्राचार्यांची तक्रार आहे, असे सांगून त्यांनी जावयाला इथे आणले. पंचनाम्यात गठ्ठे घरात शोधून काढले असे लिहिले आहे. शोधायचे काय त्यात? दार उघडले की अंगावर येतात. शोधावी लागते ती माझी खाट.

गठ्ठे कसे आले ते सांगते. पॉलिटेक्निकचा नवा आराखडा झाला. त्यात जुनी रेकॉर्ड रूम पाडून तिथे गाड्यांचा तळ दाखवला. नव्या इमारतीत प्रत्येक साहेबाला खोली आहे, झेरॉक्सच्या यंत्राला खोली आहे, दप्तराला नाही. हे कोणाच्या लक्षात आले तेव्हा नकाशा मंजूर होऊन गेला होता. जावई सांगतो, नियमाने हे कागद फाडायचे नाहीत, जाळायचे नाहीत, कायम ठेवायचे. कुठे ठेवायचे ते नियमात नाही. तेव्हाचे प्राचार्य त्याला म्हणाले, "तुमचं घर फाटकासमोरच आहे. तात्पुरतं तिकडे हलवा, लेखी नंतर देतो." ते निवृत्त झाले. लेखी अजून यायचे आहे.

गठ्ठे पॉलिटेक्निकच्याच टेम्पोतून आले. बांधकाम विभागाचे साहेब स्वतः दारात उभे होते. म्हणाले, "आजी, जरा खाट सरकवा." मी म्हटले, "आणि मी कुठे सरकू?" ते हसले. मी हसले नाही.

त्यानंतर माझ्या घराचे ऑफिस झाले. निवृत्त मास्तर पेन्शनसाठी नेमणुकीचा कागद शोधायला येतात. कोणी ऐन जेवणाच्या वेळी, कोणी मी केस धूत असताना. एक मास्तर खोकत म्हणाले, "फार धूळ आहे हो तुमच्याकडे." मी म्हटले, "तुमच्याच काळातली आहे." गठ्ठे घेऊन जा म्हणून मी कितीदा ऑफिसात जाऊन डोकेफोड केली. दर वेळी एकच उत्तर, जागा झाली की नेतो.

आताच तक्रार का, असे विचारल्यावरून सांगते. गेल्या आठवड्यात तळासाठी खोदताना जमिनीतली पाण्याची लाईन फुटली. वसतिगृहाचे नळ बंद झाले. वरून चौकशीला माणसे आली आणि त्यांनी त्या लाईनचा जुना नकाशा मागितला. तो शिवण मारणाऱ्या म्हातारीच्या खाटेखाली आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून चोरी झाली. बांधकामाचे साहेब म्हणतात, त्यांना काही माहीत नाही. मग माझी खाट कोणी सरकवायला लावली ते त्यांना विचारावे.

जावयाविषयी सांगते. तो चोर नाही. चोराला लागते तेवढी अक्कल त्याच्यात नाही. रद्दीवाल्याला दिले असते तर घरात निदान पाय ठेवायला जागा झाली असती. छप्पर गळले तेव्हा याने माझ्या गादीवरची ताडपत्री काढून गठ्ठ्यांवर घातली. त्याबद्दल माझी वेगळी तक्रार आहे, ती घरी बघते.

मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. नवऱ्यासाठी आणलेला डबा तिच्या मांडीवर तसाच आहे. हे लिहू नका असे तिने सांगितले होते.

जबाब चालू असताना प्राचार्य व बांधकामाचे साहेब ठाण्यात आले. हवालदार त्यांना म्हणाले, "साहेब, तुमचा माल मिळाला. आमची मुद्देमालाची खोली भरली आहे. कोर्टाचा कागद करून देतो, तुम्ही ताब्यात घ्या." प्राचार्यांनी बांधकामाच्या साहेबांकडे पाहिले. बांधकामाच्या साहेबांनी पंख्याकडे पाहिले. मग प्राचार्य म्हणाले, "नकाशा तेवढा नेतो. बाकीच्याला सध्या जागा नाही. आहे तिथेच राहू द्या, आजी सांभाळतील."

मी हवालदारांना म्हटले, "हे लिहा."

प्राचार्य म्हणाले, "अहो, हे लिहायची काय गरज?"

मी म्हटले, "लिहा. चोराच्या घरी माल राहू द्या असं मालक म्हणतोय, हे कागदावर येऊ द्या."

हवालदारांनी लिहिले आणि त्याखाली प्राचार्यांची सही मागितली. प्राचार्यांनी खिशातले पेन काढले, पुन्हा ठेवले आणि तक्रारीचा अर्ज परत मिळेल का, असे विचारले. हवालदार मोठ्या साहेबांना विचारायला आत गेले. येऊन म्हणाले, "आजी, जावयाला न्या."

माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे; दोन शब्द हवालदारांनी गाळले, ते गाळलेलेच बरे. अंगठा नको, सही येते मला. सही करते, आणि आधी मुलीला सांगून येते.